सातची हजेरी

ताईने बाबांचा फोन उघडला तेव्हा धाकटा मुद्दाम खिडकीपाशी बसला होता, तोंड बाहेर करून. गालात पेपरमिंटची गोळी. ताईशेजारची खुर्ची रिकामी होती, पण तिथे जाऊन बसायची त्याची छाती नव्हती.

"अरे, कोण लोक आहेत हे?" ताई म्हणाली. "बाबा गेल्यापासून पाच दिवसांत सत्तर निरोप! आणि एकालाही नाव नाही. दोन नंबर, चार नंबर, सात नंबर."

"डेपोतले असतील."

बाबा बस डेपोत टाइमकीपर होते. जन्मभर फाटकात उभे राहून ड्रायव्हरला 'फुंक' म्हणायचे, नाक पुढे करायचे आणि वास आला की किल्ली काढून घ्यायचे. मग तो मोठ्या साहेबाचा जावई का असेना! धाकटाही ड्रायव्हरच, पण शाळेच्या बसवर. तिथे नाक पुढे करणारं कुणी नव्हतं. उद्या सकाळी सहाला त्याला कामावर जायचं होतं; बसची किल्ली खिशातच होती. बसमध्ये बेचाळीस पोरं.

"डेपोतले नाहीत रे. हे ऐक. 'टाइमकीपर साहेब, तुमच्यामुळे मी मुलीच्या लग्नात शुद्धीवर होतो. तिचा त्या दिवशीचा चेहरा मला आठवतो. एवढंच सांगायचं होतं. चार नंबर.'"

ताईला पुढे वाचवेना. तिने डोळे पुसले आणि ती बोट सरकवत जुने निरोप पाहू लागली.

"दारू सोडलेल्यांचा ग्रुप आहे," ती जरा वेळाने म्हणाली. "बाबांनी काढलेला. रोज संध्याकाळी सातला बाबा नंबर पुकारायचे. घेतली नसेल तर लिहायचं हजर. घेतली असेल तर गैरहजर. गप्प मात्र बसायचं नाही. आणि एक नंबर कोण, माहितीये? बाबाच."

"बाबांनी तर कधीच सोडली होती. आपण शाळेत होतो तेव्हा."

"हो ना. आपल्याला वाटायचं, एका फटक्यात सोडली. ते रोज सोडत होते रे!"

मग ती एकदम हसली. "या पाच नंबरचं बघ. 'एकदा मी घेऊन खोटंच हजर लिहिलं. साहेबांचा लगेच फोन. म्हणाले, फुंका बरं. मी फुंकलं. म्हणाले, आता खरं लिहा. बाप रे, फोनमधून वास यायचा या माणसाला!'"

धाकट्याने हसायचं म्हणून हसून घेतलं. घरात अगदी मोजके शब्द बोलणारा हा माणूस बाहेर सात जणांना रोज हाक मारत होता. आणि शेजारच्या खोलीतल्या मुलाला त्याने दोन वर्षांत एका शब्दाने विचारलं नाही. आपली लबाडी पचली, असंच तो धरून चालला होता.

"इकडे ये ना, तूही वाच. तिकडे काय बसलायस परक्यासारखा?"

"इथे वारा आहे."

ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. "हे दोन नंबरचं. 'साहेबांच्या घरच्यांना एक विचारू? आम्ही साहेब धरून आठच जण. पण साहेब दोन वर्षं रोज शेवटी पुकारायचे, नऊ नंबर? कुणी उत्तर द्यायचं नाही. आम्ही विचारलं की म्हणायचे, जागा धरून ठेवलीये, येईल. हा नऊ नंबर कोण, तुम्हाला ठाऊक आहे का?'"

धाकट्याने खिशातून स्वतःचा फोन काढला. बाबांचे निरोप मागे मागे नेत गेला. येताना गोळ्या आण. गॅसवाला येऊन गेला. चष्म्याची काडी तुटली. आणि त्यांच्यामध्ये, दोन वर्षांपूर्वीचा एक: "या ग्रुपमध्ये ये. तुझा नंबर नऊ." खाली लिंक. पेन्शनवाल्यांच्या गप्पा असतील म्हणून त्याने नुसता अंगठा पाठवला होता. लिंक उघडलीच नव्हती.

"सात वाजले," ताई म्हणाली. "आजची हजेरी घरच्या कुणीतरी घ्यावी, म्हणतायत. घेते मी."

तिने लिहिलं, एक नंबर? कुणीच काही लिहिलं नाही. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने पुढचा नंबर लिहिला. दोन नंबर? हजर. तीन? हजर. दर उत्तराला बाबांचा फोन टिंग वाजत होता. आठ? हजर.

ताई थांबली. मग बाबांच्यासारखंच तिनेही लिहिलं, नऊ नंबर?

धाकट्याने लिंकवर बोट ठेवलं, ग्रुप उघडला. हजर लिहिणं किती सोपं होतं! ताई आनंदाने रडली असती. त्याने 'हजर' लिहिलं. बराच वेळ त्याकडे पाहिलं. मग ते पुसून दुसरं लिहिलं आणि पाठवून दिलं.

टिंग.

"नऊ नंबर, गैरहजर," ताईने मोठ्याने वाचलं. मग निरोपावरचा फोटो पाहिला आणि सावकाश मान वर केली.

पाठोपाठ दुसरी टिंग झाली. दोन नंबर: "या. उद्या सातला."

ताई उठून खिडकीपाशी आली. अगदी जवळ. या वेळी धाकट्याने तोंड फिरवलं नाही. तिने एकदाच श्वास आत घेतला आणि हात पुढे केला.

"किल्ली."

त्याने खिशात हात घातला. किल्लीबरोबर पेपरमिंटचे चार-पाच कागदही बाहेर आले. ताईने किल्ली घेतली आणि ते कागदही घेतले.