उजव्या हाताची जागा

"प्रिंटर सध्या दुसऱ्या संगणकाकडे आहे," असं पडद्यावर पुन्हा उमटलं, तेव्हा अण्णांच्या मुलाने कपाळाला हात लावला.

"घरात दुसरं मागणारं आहे तरी कोण?"

"रुसलेल्या जावयासारखं करतोय," सून म्हणाली. ती कळफलकांवरची धूळ पुसून ते एकावर एक रचत होती. "जरा गोडीने घ्या त्याच्याशी."

छापायची होती एकच ओळ. 'टायपिंगचा क्लास कायमचा बंद झाला आहे.' संध्याकाळी एक माणूस येऊन खालच्या खोलीतले सगळे संगणक घेऊन जाणार होता. त्याआधी ती ओळ दारावर लागायला हवी होती.

क्लास अण्णांचा. अण्णा वरच्या खोलीत, खुर्चीत. अर्धांगाचा झटका आल्यापासून वाचा गेलेली. उजवा हात मांडीवर ठेवला, की दुसऱ्याने उचलेपर्यंत तिथेच. डाव्याने चमचा धरायचे, तेवढंच. 'उजव्याची आशा धरू नका,' डॉक्टरांनी सांगितलं होतं. लॅपटॉप समोर असला की त्यांचा चेहरा निवतो, म्हणून सून तो रोज सकाळी नुसता उघडून ठेवायची.

मुलाने प्रिंटरची केबल राउटरमधून काढली, फुंकर मारून परत खोचली. राउटर बंद केला, चालू केला. दिवे एकेक करून लागले, आणि पडद्यावर पुन्हा तेच वाक्य. या वेळी त्याने खालची बारीक अक्षरं वाचली.

"अण्णांचा लॅपटॉप धरून बसलाय प्रिंटरला. एका वेळी एकालाच मिळतो ना."

"मग सोडायला सांगा."

"काही छापायचं असल्याशिवाय तो धरत नाही गं."

सुनेने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"काय छापायचंय त्यांना?"

"काही नाही. चमचा टेकला असेल कुठेतरी."

"आणि अहो, यात कागद घातलाय का?"

नव्हता. मुलाने निमूटपणे पुडक्यातले उरलेसुरले कागद ट्रेमध्ये सरकवले.

"उपाशीपोटी कोण काम करेल," सून पुटपुटली.

यंत्र घरघरलं आणि पहिला कागद बाहेर आला. त्यावर क्लासची ओळ नव्हती.

पानभर नुसत्या काना-मात्रा आणि वेलांट्या होत्या. खाली अक्षर नव्हतं, अक्षराच्या जागी टिंबांचं रिकामं कडं. प्रत्येक ओळीत तोच क्रम आणि पुढे मोठी मोकळी जागा. मग दुसरी ओळ. तोच क्रम, तीच जागा.

"बघ. बडवलंय काहीतरी," मुलगा म्हणाला.

सुनेने पान टेबलावर ठेवलं. लग्नाआधी ती याच खोलीत अण्णांकडे शिकली होती. तिने डोळे मिटले आणि डाव्या हाताची बोटं लाकडावर एकेक करून टेकवली. करंगळी, अनामिका, मधलं, तर्जनी. डोळे उघडून ओळ पाहिली.

"पहिला धडा आहे हा."

"कसला?"

"क्लासचा. काना-मात्रा डाव्या हाताच्या, अक्षरं बहुतेक उजव्याची. आधी डावा चालतो, मग उजवा. अहो, एक बोट चुकलेलं नाही यात."

"आणि ही मोकळी जागा?"

"उजव्या हाताची. उजवा मागे पडला तर त्याचं काम डाव्याने करायचं नाही, त्याच्यासाठी थांबायचं. ओरडून सांगायचे आम्हाला."

दुसरं पान आलं. तिसरं आलं. गाणाऱ्याने अर्धी ओळ म्हणावी आणि मागच्यांनी उरलेली उचलावी म्हणून गप्प उभं राहावं, तशी प्रत्येक ओळ अर्ध्यावर थांबलेली होती. मागून कोणी उचलत नव्हतं. तो पुन्हा म्हणत होता, पुन्हा थांबत होता.

चौथ्या पानाच्या तळाशी, मोकळ्या जागेत, एक 'र' होता.

सुनेने उजवी तर्जनी टेबलावर टेकवली आणि ती तशीच राहिली.

"हे या बोटाचं अक्षर," ती हळूच म्हणाली.

"डाव्यानेच दाबलं असेल. हात लांब करून."

"अण्णांनी? डाव्या हाताने उजव्याची कळ?" देवळात चोरी केल्याचा आळ त्याने अण्णांवर घेतला असावा, तसं तिने नवऱ्याकडे पाहिलं.

मुलाने ते पान हातात घेतलं. शाई अजून ओली असेल म्हणून कडेने, दोन्ही हातांनी. मग एकदम जिन्याकडे वळला. सुनेने त्याची बाही धरली.

"कुठे?"

"अगं, वर."

"तास चालू आहे. मधेच कोणी आत गेलेलं त्यांना चालतं का?"

मागे यंत्र पुन्हा घरघरलं. वरच्या लॅपटॉपने प्रिंटर क्षणभर सोडला असावा, कारण ट्रेमधल्या शेवटच्या कागदावर मुलाची ओळ आली, ठळक अक्षरांत. टायपिंगचा क्लास कायमचा बंद झाला आहे. पाठोपाठ लाल दिवा लुकलुकायला लागला. वरून आणखी काही यायचं होतं आणि कागद संपला होता.

मुलाने पुडकं झटकून पाहिलं. रिकामं होतं. त्याने सुनेकडे पाहिलं.

सुनेने तो ओळीचा कागद उचलला, उलटा केला आणि पाठकोरी बाजू वर करून ट्रेमध्ये सरकवली. दोघं यंत्रासमोर जमिनीवर बसली. कळफलकांची रचलेली चवड मुलाने मांडीने हळूच बाजूला सारली.

कागद आत गेला.