सागरचा सायलेन्सर

आमच्या सागरले चांगली चालती गाडी पाहवतच नाही. बापाच्या मोटरसायकलचा साधा सायलेन्सर काढून त्यानं बंबाएवढा दुसरा बसवला, आन् कार्बोरेटरले हातबी लावला नाही. मंग रेसची मूठ जरा ढिली सोडली की गाडी फाडफाड फटाके फोडे. सकाळ-सांज हरभऱ्याच्या वावरात जाये तेबी असाच वाजत. तेल्हाऱ्याच्या बाजारात बाया मले विचारत, "सत्यभामाबाई, पोराची वरात निघाली का?"

पंधरा दिवस मी त्याच्या डोक्यावर बसली. "लाज वाटत असंन तर नीट करून आण, नाही तं आंगणात आणू नको!"

शेवटी गेला अकोल्याले. मिस्त्रीनं कार्बोरेटरमधलं जेट, म्हंजे पेट्रोल सोडायची तोटी, मोठं टाकलं, स्क्रू पिळून पेट्रोल वाढवलं. गाडी मांजरावानी गुरगुरत घरी आली. सागर छाती काढून म्हणे, "आई, ऐक. एक फटाका नाही!"

चौथ्या दिवशी दोघं वावरात गेलो, तं आर्धा हरभरा सफाचट. धुऱ्यावर शेजारचे पुंजाजी उभे होते.

"वहिनी, ही गाडी फाडफाड वाजे तोवर एक रोही, एक रानडुक्कर इकडं फिरकत नव्हतं. बिघडली का गाडी?"

मी सागरकडं वळली.


"बह्याडा, जन्मात एक काम तुह्या हातून बरोबर झालं होतं, तेबी तू दुरुस्त करून आणलं!"