एकोणिसावा नंबर

"अभिनंदन! एकोणिसावी आलीस," क्लासचे सर भिंतीवरच्या यादीकडे बोट दाखवत म्हणाले.

गेल्या आठवड्यात मी विसावी होते. मधे एकही परीक्षा झाली नव्हती. एकोणिसावी होती रेवती घोडके. सोमवारी तिने आत्महत्या केली. सरांनी तिचं नाव गाळून खालच्या सगळ्यांना एकेक नंबर वर सरकवलं होतं.

मी पेन काढलं, माझं नाव खोडलं आणि तिथे तिचं लिहिलं.

"डोकं फिरलंय का तुझं?" सर ओरडले.

"तिच्या जागेवर मी बसणार नाही, सर."

माझ्या खालच्या नंबरवाल्याने उठून पेन मागितलं आणि स्वतःचं नाव खोडलं. मग त्याच्या खालचीने.

शेवटी पहिला नंबरवाला उठला. त्याचा नंबर तर हललाही नव्हता. त्याने यादीच फाडली.