अर्धी दाढी
"कळ थांबंना झालीया, ह्यो चौथा दातबी काढाच," म्हणत इचलकरंजीचे ईरप्पा कोल्हापूरच्या दवाखान्यात खुर्चीवर टेकले. डावीकडचे तीन दात सरनोबत डॉक्टरांनीच काढले होते, कीड नसतानाही, ईरप्पांचं कळवळणं बघवेना म्हणून. आज पुन्हा पक्कड उचलून त्यांनी दिवा जवळ ओढला. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर मात्र दाढी तशीच. "काय ईरप्पा, नवस अर्धाच फेडला?" "नवस कुठला? पोरीचं लग्न हाय म्हणून न्हाव्याकडं गेलतो. ह्या गालाला वस्तरा नुसता टेकला की शॉक बसतोय. म्हणून तर दाढी वाढवलेली." डॉक्टरांचा हात थबकला. दुखऱ्या दाताला वस्तऱ्याचं भय नसतं. दाढी नवसाची समजून त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. "ही चेहऱ्याच्या नसेची कळ, दात चांगला आहे," ते पुटपुटले. ईरप्पांनी हात जोडले. "तुमच्यामुळं एवढा दात तरी वाचला बघा."