पुढचं डावं चाक

डार्सीने रस्ता सपाट करणारा आपला अवाढव्य ग्रेडर थांबवला आणि खाली उतरायच्या आधीच निकाल देऊन टाकला. "चाकाचं बेअरिंग गेलंय."

"तिथून दिसलं होय?" गाडीखालून एका बाईचा आवाज आला.

जुनी चौकोनी जीपगाडी लाल मातीने माखून रस्त्याच्या कडेला उभी होती. पुढचं डावं चाक भलतंच कललं होतं. गाडीच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर एक पोरगी बसली होती. केस कुरळे केलेले, ओठ रंगवलेले आणि गालांवर आसवांचे ओघळ. प्लास्टिकच्या पिशवीतला लांब पांढराशुभ्र ड्रेस तिने दोन्ही हातांनी धुळीपासून वर उचलून धरला होता.

डार्सी पस्तीस वर्षं हे मातीचे रस्ते घासत आला होता. माणूस रांगडा, पण लग्न म्हटलं की हा गडी विरघळलाच. "कधी आहे?" त्याने विचारलं.

"चारला!" पोरगी म्हणाली. "ब्लॅकट्रीच्या हॉलमध्ये. अजून एकशे दहा किलोमीटर. पाद्री छोट्या विमानाने येतात आणि अंधार पडायच्या आत, पाचला उडतात. पुन्हा येणार ते एकदम ऑक्टोबरात."

गाडीखालची बाई सरपटत बाहेर आली. साठीच्या आसपासची, अंगात तेलकट निळा डगला, डोक्याला करकचून बांधलेलं फडकं. "मी नोरीन. ही माझी मुलगी, टेगन. गॅरेज आहे माझं आणि आज हे असं. लोकांच्या गाड्या बघता बघता घरची राहून गेली."

"आई, बोलत काय बसलीस!"

"आज नाही तर ऑक्टोबरात."

"असलं बोलूच नकोस! आज हुकलं की हुकलंच. मला माहितेय."

डार्सीला पोरीची फार दया आली. ग्रेडरमध्ये एकच सीट होती आणि त्याचा वेगही बेताचाच, नाहीतर त्याने तिला थेट हॉलच्या दारात नेऊन सोडलं असतं.

नोरीनने चाक जॅकवर उचललं. वर एक हात, खाली एक हात, आणि हलवून पाहिलं. खटक, खटक. "आत बसा आणि ब्रेक दाबून धरा," ती डार्सीला म्हणाली. त्याने दाबला. तरी खटक, खटक.

"ब्रेकने हलणं थांबलं असतं तर तुमचं म्हणणं बरोबर होतं," ती म्हणाली. "हे थांबत नाही. म्हणजे चाकाचं नाही, चाक ज्यावर वळतं तिथलं गेलंय."

"किंगपिनचं बेअरिंग," डार्सी पडेल आवाजात म्हणाला.

"आणि आतलं सीलही फाटलंय. अॅक्सलचं तेल उतरून ग्रीसची पार पेज झालीये. नवं बेअरिंग आहे जवळ, सील आहे. ग्रीस मात्र नाही."

"ग्रीस?" डार्सीची छाती फुगली. "बाई, माझ्याकडे पिंपभर आहे!"

टेगन खुर्चीवरून उठली. "मी काही धरू?"

"तू हात लावायचा नाहीस. ड्रेस सांभाळ."

मग कामाला तोंड लागलं. चाक निघालं, ब्रेक निघाला, हब निघाला, अॅक्सलचा दांडा बाहेर आला. सगळं ओळीने जुन्या चादरीवर मांडलं गेलं. खालचं बेअरिंग उघडलं तेव्हा त्याचे रोलर फुटाण्यांसारखे नोरीनच्या हातावर सांडले.

"असं घेऊन आलात इथवर?" डार्सीने डोळे मोठे केले.

"मला वाटलं, रस्ता खराब आहे म्हणून हलतंय."

"हा रस्ता मी करतो."

"म्हणूनच तसं वाटलं."

टेगन रडता रडता हसली. डार्सीही हसला. हसेल नाही तर काय करील, रस्ता खराब होताच.

नोरीन नव्या बेअरिंगमध्ये तळहाताने ग्रीस दाबून भरत होती, अगदी शेवटच्या रोलरपर्यंत. डार्सीला राहवेना. "नवरदेव कसा आहे?"

"हार्वी? बावीस वर्षं बघतेय त्याला. हट्टी आहे. पण खोटं बोलायला गेला की कान लाल होतात."

"तुम्हाला पसंत आहे ना?"

"मी तर चार वर्षं नकोच म्हणत होते. हिनेच जमवलं सगळं."

"हल्लीच्या पोरी!" डार्सीने मान डोलावली. "बघा, आज तिथे तुम्हीच ढसाढसा रडाल."

"रडू तर आताच येतंय," नोरीन म्हणाली आणि तिने बाहीने नाक पुसलं.

डार्सी टेगनकडे वळला. "घाबरू नकोस पोरी. स्वतःच्या लग्नाला मी दोन तास उशिरा पोचलो होतो. बायको अजून रोज ऐकवते, पण सोडून नाही गेली."

टेगनने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि दोघी मायलेकी पोट धरून हसत सुटल्या. आपला विनोद एवढा चांगला होता असं डार्सीला वाटलं नव्हतं. तो खूश झाला.

दोनला दहा कमी असताना शेवटचा नट आवळला गेला. नोरीनने गाडी दूरवर नेली आणि वळवून आणली. येताना तिने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात क्षणभर सोडून दाखवले. गाडी दोरीत चालत होती. डार्सीने टोपी हवेत उडवली.

"सासूबाई, मानलं तुम्हाला! आता पळा. साठने गेलात तरी पावणेचारला पोचाल."

नोरीन मात्र पळेना. तिने डिझेलने हात चोळले, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने. हात स्वच्छ झाले तरी ती पाण्याच्या ड्रमपाशीच उभी राहिली, ब्लॅकट्रीकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघत.

टेगनने पिशवीची चेन उघडली, ड्रेस बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी उंच धरला.

"काका, तुम्ही जरा तिकडे तोंड करा," ती म्हणाली. "आई, आता एकही सबब उरली नाही. हात वर कर."