ढोलकीचा ट्रॅक

दुसरं कडवं सुरू झालं आणि रखमाजीनं हात वर केला.

"बंद कर."

मच्छिंद्रनं टेप थांबवली. जालन्यातला त्याचा स्टुडिओ म्हणजे भिंतींना गोधड्या टांगलेली एक खोली. आत तिघंच होते. मच्छिंद्र मशीनपाशी, रखमाजी खुर्चीच्या कडेवर, आणि त्याच्यासोबत टेंभुर्णीहून आलेला पेटीवाला चांदपाशा भिंतीला टेकून.

"काय झालं काका? पोरगी बराबर गात न्हाई का?"

"पोरगी बराबर गाती. तिच्यामागं ढोलकी कोण वाजवून राह्यलं?"

मच्छिंद्र हसला. "तुम्हीच की."

रखमाजीच्या बायकोची, सोनूबाईची पार्टी एकेकाळी सगळ्या जाफराबाद तालुक्यात गाजली होती. ती गायची, रखमाजी ढोलकीवर, चांदपाशा पेटीवर, मागे झील धरायला दोघी बाया. शहाऐंशी साली त्यांची कॅसेट निघाली, ती याच खोलीत. तेव्हा मच्छिंद्रचे वडील स्टुडिओ चालवत. जत्रेत, हॉटेलात, जिथं टेप असेल तिथं ती वाजायची. मग पार्टी मोडली. कॅसेटी झिजल्या. गेल्या दिवाळीत सोनूबाईही गेली.

तिचं वर्ष व्हायच्या आत मच्छिंद्रनं नवी कॅसेट काढायचं ठरवलं. 'आठवण सोनूबाईची'. गाणी तिचीच, पण जिल्ह्यातल्या पाच नव्या पोरींच्या आवाजात. कव्हरवर तिचा हार घातलेला फोटो. रखमाजीनं परवानगी दिली आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली. जुन्या गाण्यांची एक कॉपी.

कारण घरात तिचा आवाज कुठंच उरला नव्हता. घरची कॅसेट मशीननं कधीच खाल्ली होती. केदारखेड्यात एकाकडं आहे असं कळलं, म्हणून रखमाजी एसटीनं जाऊन ती घेऊन आला. लावून पाहिली तर त्या माणसानं तिच्यावर पोराच्या लग्नातली मंगलाष्टकं टेप केलेली. फोटोत ती रोज दिसायची. पण ती हाक कशी मारायची, ते आताशा त्याला आठवेनासं झालं होतं. डोळे मिटून तो ती हाक ऐकायचा प्रयत्न करी, आणि ऐकू येई शेजारणीची नाही तर सुनेची.

"माझी ढोलकी हिच्यामागं कशी आली?" त्यानं विचारलं.

"जुन्या टेपवर चार ट्रॅक होते काका. एकावर पेटी, एकावर ढोलकी, एकावर झील, एकावर काकू. वाजवणारे आता आणायचे कुठून? म्हणून संगीत तेच ठेवलं. नुसता गळा बदलला."

"अन् तिचा गळा?"

मच्छिंद्र वायरी सारख्या करू लागला.

"तिचा गळा कुठं हाये?"

"त्याच ट्रॅकवर पोरींचा आवाज भरला. नवा भरला की आधीचा जातो."

"जातो म्हंजे?"

"पुसला गेला काका. मला वाटलं, वडलांनी दुसरी टेप ठेवली असंल. सगळं कपाट उपसलं. न्हाई सापडली."

मग चांदपाशा म्हणाला, "वा रे पठ्ठ्या. भाभीची आठवण काढायला भाभीलाच पुसलं. कव्हरवर भाभी, आत कुणीच न्हाई."

मच्छिंद्रनं मान खाली घातली. रखमाजी ओरडला नाही. त्यानं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "मंग मलाबी पूस."

"काका..."

"ती न्हाई तर माझी ढोलकी कशाला? दुसऱ्याच्या गळ्यामागं म्या न्हाई वाजवणार. पूस. आत्ता, माझ्यासमोर."

"अरे यार, माझी पेटी काय एकटीच बोंबलत बसंल का?" चांदपाशा म्हणाला.

"पाशाभाई, तुझी बायको घरी हाये. तू गप बस."

चांदपाशा भिंतीला आणखी रेलला.

मच्छिंद्रला नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. त्यानं टेप मागं घेतली. "आधी ऐकून घेतो, हा ढोलकीचाच हाये ना. पुन्हा चूक नको." त्यानं बाकी तिन्ही ट्रॅकचे आवाज पार बंद केले, एक वाढवला आणि बोट पुसायच्या लाल बटणावर ठेवलं.

खोलीत एकटी ढोलकी वाजू लागली. रखमाजी जमिनीकडं बघत ऐकत होता. स्वतःचा तरणा हात त्याला ओळखू आला. शेवटचं ऐकून घ्यावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

मग त्याची मान वर झाली.

ढोलकीच्या पाठीमागं काहीतरी होतं. खूप बारीक. तीन घरं सोडून कुणीतरी अंगणात गातंय, असं. चांदपाशा भिंत सोडून पुढं सरकला.

रखमाजीनं मच्छिंद्रचं मनगट धरलं. "बोट काढ."

मच्छिंद्रनं बोट काढलं आणि आवाज आणखी वाढवला. त्याचा चेहरा उतरला होता. "ढोलकीच्या माइकमधी शिरल्ता आवाज. काकू लई जवळ बसल्या असतील."

"मांडीला मांडी लावून," चांदपाशा म्हणाला. "खोलीच केवढी."

"हा एकटा पुसताच येत न्हाई," मच्छिंद्र हळूच म्हणाला. "ढोलकी पुसली असती, तर मात्र गेला असता."

रखमाजीनं मनगट सोडलं नाही. गाणं पुढं चाललं, ढोलकीच्या दणक्यात बुडत, मधूनच डोकं वर काढत. शेवटची थाप पडली. गाणं संपलं. टेप थांबवायचं कुणाला सुचलं नाही. ती फिरत राहिली, आणि ढोलकी थांबल्यावर जी शांतता झाली, तीत अगदी जवळून, स्वच्छ, जरा चिडलेला आवाज आला.

"अवं, जरा दमानं बडवा की ती ढोलकी. माझा आवाज पार बुडून राह्यला तिच्यात."