आबांचा फोटो

"लावायची का बातमी?" वेबसाइट सांभाळणाऱ्या उपसंपादिकेनं पुन्हा विचारलं.

"खात्री झाल्याशिवाय एक अक्षर जाणार नाही," वृत्तसंपादक म्हणाला आणि त्यानं आबांच्या मुलीला परत फोन लावला. उचलला नाही.

आबा म्हणजे याच दैनिकाचे निवृत्त संपादक. वृत्तसंपादकाला हाताला धरून बातमी लिहायला शिकवलं ते त्यांनी. कालपासून ते अतिदक्षता विभागात होते, आणि आता गावातल्या एका ब्लॉगवाल्यानं लिहून टाकलं होतं, 'आबा गेले'. लोक धडाधड श्रद्धांजली वाहत होते. खरंच असलं तर? वृत्तसंपादक खिडकीशी गेला, परत आला, बसला, उठला. समोरचा चहा गार झाला.

मालक येऊन चरफडून गेले. माणूस आपला आणि बातमी दुसऱ्याची, म्हणाले. वृत्तसंपादक बधला नाही. या घरबसल्या पत्रकारांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. ना कोणाला विचारणं, ना शहानिशा. आलं मनात की दिलं ठोकून! मागच्याच आठवड्यात त्यानं याच ब्लॉगवाल्याची भर सभेत बिनपाण्यानं केली होती.

तेवढ्यात मुलीचाच फोन आला.

"दादा, बाबा शुद्धीवर आलेत. मला दटावतायत, म्हणजे बघा. पण हे कोणी लिहिलं हो? शेजारणीनं आईला वाचून दाखवलं. आई जागच्या जागी कोसळली. डोक्याला टाके पडलेत."

वृत्तसंपादकाला रडू फुटायचंच बाकी होतं. मग त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं ब्लॉगवाल्याला फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "आबा जिवंत आहेत. तुला कोणी सांगितलं रे, गेले म्हणून?"

"सर, तुमच्याच ऑफिसनं," तो चाचरत म्हणाला. "तुमचे फोटोग्राफरकाका माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. सकाळी रडतच खाली आले. तुमच्याकडून फोन होता, आबांचा चांगला फोटो ताबडतोब पाठवा, कुठे बोलू नका. तरी मी लगेच नाही लिहिलं. तुम्ही सभेत झापलं होतं ना. म्हणून तुमच्या ऑफिसात फोन केला. टेलिफोनवरच्या बाई म्हणाल्या, आबांवरचा लेख पानात लागलाय."

वृत्तसंपादकानं टेबलावरचं ते तयार पान पुढे ओढलं. कोणी मोठा माणूस अत्यवस्थ झाला की मृत्युलेख आधीच लिहून पान तयार ठेवायचं, ही दैनिकाची जुनी रीत. इतरांसाठी हे काम तो कोणावरही सोपवायचा. आबांचं मात्र त्यानं कोणाला हात लावू दिला नव्हता. डोळे पुसत पुसत स्वतःच लिहिलं होतं. फोटोसाठी फोनही स्वतःच केला होता.

"बातमी मी आत्ता काढतो, सर. माफीही मागतो," ब्लॉगवाला म्हणाला. "पण लोक विचारतील, कुठून आली. काय लिहू?"

उपसंपादिका बघत होती. दारात मालक येऊन उभे होते.

"माझं नाव लिही," वृत्तसंपादक म्हणाला. "आबांना मी सकाळीच मारून ठेवलं होतं."